कोंबड्यांची देवी : खपली फेकू नका, तपासून घ्या

(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यान)



मी पीकशास्त्र शिकवणारा माणूस. ज्वारीची पेर, तुरीची आंतरपिके, पाण्याच्या पाळ्या हे माझे रोजचे विषय. तेव्हा आज हा कोंबड्यांवर काय बोलणार, असे आपणास वाटले असेल. पण आपल्या कोरडवाहू भागात शेती म्हणजे नुसते पीक नव्हे. दोन शेळ्या, एक म्हैस आणि खुराड्यातल्या पंधरा-वीस कोंबड्या मिळून आपला संसार चालतो. पीक गेले त्या वर्षी अंड्यांच्या पैशावर मुलांच्या वह्या घेतलेली घरे आपल्यापैकी अनेकांची आहेत. माझेही घर त्यातलेच.

माण तालुक्यातील आमच्या घरी आई गावठी कोंबड्या पाळते. काही वर्षांपूर्वी मी तिला चाळीस सुधारित पिल्ले आणून दिली. आठव्या आठवड्यात देवीची लसही मी स्वतःच टोचली. दोन महिन्यांनी आईचा निरोप आला, "अरे, कोंबड्यांना देवी आल्या." जाऊन पाहतो तो तुऱ्यावर, डोळ्यांभोवती, चोचीच्या कडेला फोड आणि काळपट खपल्या. काहींचे डोळे पूर्ण मिटलेले, त्यामुळे दाणा दिसेना. आई हळद-तेल लावत होती. पंधरवड्यात निम्म्याहून अधिक तलंगा गेल्या.

मी शिकलेला माणूस. मी लगेच निदान सांगून टाकले, "विषाणूचा नवा वाण आला असणार, लस त्याला लागू पडली नाही." तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि तीन प्रश्न विचारले. लस दवाखान्यापासून घरापर्यंत कशी नेली? टोचल्यानंतर आठवड्याने पंखावरची खूण पाहिली होती का? आणि खपल्या कोठे आहेत? लस मी पिशवीत घालून एसटीने नेली होती, बर्फाशिवाय. खूण पाहिली नव्हती. खपल्या मेलेल्या कोंबड्यांबरोबर पुरून टाकल्या होत्या. म्हणजे वाण नवा होता की लस उन्हाने मेली होती, हे आता कोणालाही कधीच कळणार नव्हते. आजचे माझे सांगणे त्या तीन प्रश्नांतूनच निघाले आहे.

रोग कोणता?

कोंबड्यांची देवी हा विषाणूजन्य रोग आहे. माणसाच्या देवीच्या विषाणूच्या कुळातलाच हा विषाणू, पण वेगळा. माणसातील देवी रोगाचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली जाहीर केले. कोंबड्यांची देवी मात्र आजही आहे. ती माणसाला होत नाही, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. कांजिण्यांशीही तिचा संबंध नाही.

हा रोग दोन रूपांत दिसतो. पहिले कोरडे रूप : तुरा, चोचीखालचे कल्ले, पापण्या, पाय अशा पीस नसलेल्या जागी फोड येतात व त्यांवर खपली धरते. दुसरे ओले रूप : तोंडात, घशात व श्वासनलिकेत पिवळट-पांढरे चट्टे येतात. यात पक्षी गुदमरून मरतो, म्हणून मरतूक जास्त. विषाणू डासांच्या चाव्यातून, तसेच चोची मारल्याने झालेल्या जखमेतून शरीरात जातो. वाळलेल्या खपलीत तो महिनोन्‌महिने जिवंत राहतो. म्हणून गळालेली खपली हे पुढच्या साथीचे बियाणेच समजावे. या रोगावर औषध नाही. उपाय एकच, आधी लस.

डोळ्यांनी ओळखण्याची मर्यादा

अंगावरच्या खपल्या अनुभवी माणूस लांबून ओळखतो. पण घशातले चट्टे फसवतात. 'अ' जीवनसत्त्वाच्या कमतरतेत तोंडात पांढरे ठिपके येतात. श्वासनलिकेचे इतर विषाणूजन्य रोग आहेत. कबुतरांकडून येणारा एक आदिजीवजन्य रोगही घशात तसेच चट्टे आणतो. या प्रत्येकाचा उपाय वेगळा.

पूर्वीपासूनची पद्धत म्हणजे फोडाचा पातळ काप घेऊन, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. देवी असेल तर पेशीत विशिष्ट गोळे दिसतात. बोलिंगर या जर्मन शास्त्रज्ञाने ते १८७३ साली वर्णन केले, म्हणून त्यांना बोलिंगर गोळे म्हणतात. ही पद्धत आजही उपयोगी आहे. पण तिच्यातून "देवी आहे" एवढेच कळते. विषाणू कोंबडीचा की कबुतराचा, लशीतला की शिवारातला, हे कळत नाही.

आपल्याच शेतातले उदाहरण घ्या. पोटरीपूर्वी मालदांडी आणि दुसरी एखादी ज्वारी शेजारी उभी केली तर भल्याभल्यांना फरक सांगता येत नाही. कणीस बाहेर पडले, दाणा भरला की मग कळते. विषाणूला तर कणीस येत नाही. त्याचा वाण ओळखायचा तर त्याच्या आतला आनुवंशिक मजकूर, म्हणजे डीएनए, वाचावा लागतो. या वाणालाच शास्त्रज्ञ 'स्ट्रेन' म्हणतात.

पीसीआर म्हणजे काय?

देवीच्या विषाणूचा डीएनए चांगलाच लांब आहे. सुमारे २ लाख ८८ हजार अक्षरांची ती पोथी आहे असे समजा. सगळी पोथी दर वेळी वाचण्याची गरज नसते. ठरावीक पान काढले तरी काम होते. ते पान शोधून त्याच्या असंख्य प्रती काढण्याची रीत म्हणजे पीसीआर. कॅरी मुलिस या अमेरिकन शास्त्रज्ञाने ती १९८३ साली सुचवली आणि १९९३ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

रीत अशी. खपली कुटून तिच्यातला डीएनए वेगळा करतात. त्यात 'प्रायमर' नावाचे दोन छोटे तुकडे घालतात. हवे असलेले पान जेथे सुरू होते आणि जेथे संपते, तेथेच ते जाऊन चिकटतात. मग यंत्रात ही नळी आळीपाळीने तापवली व थंड केली जाते. दर फेरीला प्रती दुप्पट होतात. पैदासकार बियाण्यापासून पायाभूत आणि त्यापासून प्रमाणित बियाणे वाढवतो, तसेच हे, फक्त हंगाम काही मिनिटांचा. एकाचे दोन, दोनाचे चार असे तीस फेऱ्यांत एका तुकड्याचे शंभर कोटींहून अधिक तुकडे होऊ शकतात. म्हणून चिमूटभर खपली पुरते.

देवीसाठी बहुतेक ठिकाणी 'पी ४ बी' या जनुकाचे पान काढतात. हे जनुक विषाणूच्या गाभ्यातील प्रथिनाचे आहे आणि पक्ष्यांच्या देवीच्या सर्व विषाणूंत सापडते. प्रती तयार झाल्यावर त्या जेलीसारख्या थरातून विजेच्या प्रवाहाने सरकवतात. ५७८ अक्षरांच्या तुकड्याच्या जागी पट्टा उमटला की देवीचा विषाणू आहे हे ठरले. हे झाले पहिले पाऊल.

दुसरे पाऊल वाणाचे. तोच तुकडा अक्षर-अक्षर वाचतात, किंवा ठरावीक जागी कापणारी विकरे घालून त्याचे किती व केवढे तुकडे होतात ते पाहतात. त्यावरून पक्ष्यांच्या देवीचे मोठे गट पडतात : कोंबडीच्या विषाणूचा, कॅनरी पक्ष्याच्या विषाणूचा आणि पोपटवर्गीयांचा. कबुतराच्या देवीचे विषाणू कोंबडीच्या गटाला बरेच जवळचे आहेत.

विषाणूवरचे बांडगूळ

तिसरे पाऊल आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. १९९७ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, कोंबडीच्या देवीच्या काही विषाणूंच्या डीएनएमध्ये दुसऱ्याच एका विषाणूचा मजकूर बसलेला आहे. हा दुसरा विषाणू म्हणजे रेटिक्युलोएंडोथेलिओसिसचा विषाणू. नाव लांब आहे, आपण त्याला 'आरईव्ही' म्हणू. तो कोंबड्यांची रोगप्रतिकारशक्ती दाबतो आणि गाठीही आणतो. आंब्याच्या फांदीत बांडगूळ रुजावे तसा तो देवीच्या विषाणूत रुजलेला आढळला.

पुढील अभ्यासात असे दिसले की, शिवारात साथ आणणाऱ्या बहुतेक वाणांत हे बांडगूळ जवळजवळ पूर्ण असते. लशीच्या बहुतेक वाणांत मात्र बांडगूळ तोडल्यावर फांदीवर राहणाऱ्या गाठीसारखे त्याचे केवळ अवशेष असतात. अमेरिकेत लस टोचलेल्या कळपांतही देवी आली, तेव्हा इलिनॉय विद्यापीठातील डॉ. देवकी त्रिपाठी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नावर बरेच काम केले. ही घटना नवी नाही हेही त्यांनी जुने साठवलेले नमुने तपासून दाखवले. भारतातही परसातील कोंबड्यांच्या एका साथीत आरईव्हीचा मजकूर असलेला देवीचा विषाणू सापडल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले.

याचा उपयोग काय? खपलीत आरईव्हीचे जनुक पूर्ण सापडले तर तो विषाणू सामान्यतः शिवारातला समजतात. नुसते अवशेष सापडले तर तो लशीतला असण्याची शक्यता तपासतात. वरून सारख्याच दिसणाऱ्या दोन खपल्यांमधला हा फरक पीसीआरशिवाय कळत नाही.

चाचणी केव्हा करावी?

दर खुराड्यासाठी ही चाचणी करण्याची गरज नाही. चार प्रसंग लक्षात ठेवावेत.

१. लस दिलीच नव्हती आणि तुऱ्यावर खपल्या आल्या. येथे वाण शोधत बसू नये. आजारी पक्षी वेगळे काढावेत. थोड्याच पक्ष्यांना लागण झाली असेल तर पशुवैद्यकांच्या सल्ल्याने बाकीच्या निरोगी पक्ष्यांना लगेच लस द्यावी.

२. घशात चट्टे आहेत, अंगावर खपल्या नाहीत. रोग देवीचाच की दुसरा, यासाठी तपासणी जरूर करावी.

३. लस दिली होती, पण पंखावर खूण उठली नव्हती. येथे दोष बहुधा लस नेण्या-टोचण्यात असतो. माझी चूक हीच असावी.

४. लस दिली, खूण उठली, तरीही देवी आली. येथे वाणाची तपासणी करून घ्यावीच. ती माहिती केवळ तुमच्या कळपापुरती राहत नाही. लस बदलायची की नाही हे ठरवणाऱ्यांना ती हवी असते.

नमुना कसा पाठवावा?

जिवंत आजारी पक्ष्याच्या ताज्या फोडाची खपली मुळाशी थोड्या कातडीसह स्वच्छ कात्रीने काढावी. निदान तीन-चार पक्ष्यांच्या खपल्या घ्याव्यात. प्रत्येक पक्ष्याची खपली वेगळ्या, कोरड्या, निर्जंतुक कुपीत ठेवून घट्ट बूच लावावे आणि बर्फाच्या डब्यातून पाठवावी. पीसीआरच्या नमुन्यात फॉर्मॅलिन घालू नये, त्याने डीएनए खराब होतो. सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीसाठी हवा तर वेगळा तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये द्यावा. हळद, तेल वा मलम लावण्यापूर्वीच नमुना घ्यावा. आजारी कोंबडी पिशवीत घालून गावोगाव फिरवू नये.

सोबत चिठ्ठी द्यावी : पक्ष्यांची जात व वय, किती आजारी, किती मेले, लस कोणत्या तारखेला दिली, कुपीवरचा बॅच क्रमांक, खूण उठली होती का. लस देऊन दोन-तीन आठवडेच झाले असतील तर ते ठळक लिहावे, कारण नमुन्यात लशीचाच विषाणू सापडू शकतो. नमुना जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत पाठवावा. पुण्यास औंध येथे पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. शिरवळ, मुंबई व नागपूर येथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. वाण ओळखण्याची चाचणी प्रत्येक ठिकाणी होतेच असे नाही, म्हणून आधी डॉक्टरांकडून चौकशी करावी.

लस वाया जाऊ देऊ नका

लस जिवंत विषाणूची असते. ती बर्फातूनच न्यावी, उन्हात ठेवू नये. द्रावणात कालवल्यावर सावलीत, बर्फावर ठेवून तास-दोन तासांत संपवावी. उरलेली दुसऱ्या दिवशी वापरू नये. सहा ते आठ आठवड्यांच्या पक्ष्यांना पंखाच्या पातळ पडद्यात दोन टोकांच्या सुईने टोचावी. पिसे, हाड व स्नायू टाळावेत. सात ते दहा दिवसांनी वीस-पंचवीस पक्ष्यांचे पंख उघडून पाहावेत. टोचलेल्या जागी सूज किंवा बारीक खपली दिसली तर लस लागली. बहुतेकांत दिसली नाही तर पुन्हा लस द्यावी. खुराड्याभोवती पाणी साचू देऊ नये, संध्याकाळी डासांसाठी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करावा. मेलेले पक्षी व गळालेल्या खपल्या तपासणीपुरत्या ठेवून बाकीच्या जाळाव्यात किंवा खोल पुराव्यात.

आई आता पिल्लांचे पंख स्वतः पाहते. लस दिल्यानंतरचा आठवा दिवस तिने दिनदर्शिकेवर खूण करून ठेवलेला असतो. खुराड्याजवळच्या कोनाड्यात दोन स्वच्छ कुप्या आणि कात्री असते. आपल्याही घरी एवढी तयारी ठेवावी, ही माझी विनंती. रोग आल्यावर "नवा वाण आला" असे म्हणणे सोपे आहे. तो खरोखरच आला की नाही, हे त्या चिमूटभर खपलीत लिहिलेले असते. ती वाचण्याची सोय आज आहे. ती फेकू नका.