टेस्ट केस हीच खरी प्रश्नपत्रिका



परिषदेच्या अध्यक्षाने विद्याशाखेच्या भवितव्यावर बोलावे असा प्रघात आहे. मी मात्र आपल्या रोजच्या कामाविषयीच बोलणार आहे: प्रोग्रामिंगचा गृहपाठ तपासण्याविषयी.

हे काम आपल्याकडे कसे चालते, ते या सभागृहात वेगळे सांगायला नको. सत्र संपत आले की सबमिशनची धांदल उडते. जर्नलांचे गठ्ठे येतात. प्रत्येकात वर प्रोग्राम, खाली आउटपुट आणि तळाशी आपली सही. प्रोग्राम खरोखर चालतो का, याची ग्वाही ती सही देत नाही. अख्ख्या बॅचचा कोड एक, आउटपुट एक आणि स्पेलिंगची चूकही एकच! अशा तपासणीपेक्षा गृहपाठ आपोआप तपासणारे यंत्र केव्हाही बरे, हे मी आधीच मान्य करून टाकतो.

हे यंत्र काही कालपरवाचे नव्हे. 1960 साली अमेरिकेतील रेन्सेलेअर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटच्या जॅक हॉलिंग्सवर्थ यांनी अशा तपासनीस प्रोग्रामविषयी लेख लिहिला. विद्यार्थी असेम्ब्ली भाषेतला प्रोग्राम पंच कार्डांवर देत आणि ‘उत्तर चुकले’ किंवा ‘प्रोग्राम पूर्ण झाला’, एवढेच त्यांना कळे. 1965 मध्ये स्टॅनफर्डच्या जॉर्ज फोर्साइथ आणि निकलाउस वर्थ यांनी अल्गोल भाषेतल्या गृहपाठासाठी असाच प्रयोग मांडला. हे वर्थ म्हणजे पुढे पास्कल भाषा घडवणारे. आज मूडलवर व्हीपीएल आणि कोडरनर यांसारखी साधने आहेत, एनपीटीईएलच्या प्रोग्रामिंग अभ्यासक्रमांतले गृहपाठही यंत्रच तपासते. पद्धत मुळात तीच: विद्यार्थ्याचा प्रोग्राम वेगळ्या, बंदिस्त जागेत चालवायचा, वेळेची आणि मेमरीची मर्यादा घालायची, ठरलेली इनपुट द्यायची आणि आलेले आउटपुट अपेक्षित आउटपुटाशी ताडून पाहायचे.

यातून आपले काम वाचते, असा समज आहे. माझे म्हणणे वेगळे आहे. काम वाचत नाही, ते फक्त आधी करावे लागते. पूर्वी गृहपाठ आल्यावर विचार करता येत असे. आता तो देण्याआधीच करावा लागतो. तो विचार टेस्ट केसमध्ये, म्हणजे इनपुट आणि अपेक्षित आउटपुट यांच्या जोडीत, उतरतो. म्हणून टेस्ट केस हीच खरी प्रश्नपत्रिका.

साधे उदाहरण घेऊ. ‘दिलेले वर्ष लीप आहे का, ते सांगा.’ आपण 2023 आणि 2024 ही दोनच वर्षे तपासली, तर नुसता चारने भाग घालणारा चुकीचा प्रोग्रामही पैकीच्या पैकी गुण घेऊन जाईल. 1900 घातले की तो अडकतो, कारण 1900 ला चारने भाग जातो, पण ते लीप वर्ष नव्हते. शंभराचा नियम माहीत असलेला, पण चारशेचा विसरलेला विद्यार्थी 1900 पार करतो आणि 2000 ला अडकतो. प्रत्येक टेस्ट केस एका विशिष्ट गैरसमजासाठी रचलेली असली, की निकालपत्रकावरून वर्गाचे नेमके काय चुकते आहे ते दिसते. दहा टेस्ट केस एकाच जातीच्या असतील, तर त्या दहा असूनही एकच.

दुसरी गोष्ट न्यायाची. आपली पाठ्यपुस्तके शिकवतात, की इनपुट घेण्याआधी ‘वर्ष टाका’ असे वापरणाऱ्याला सांगावे. विद्यार्थी तसे करतो आणि यंत्र ते वाक्यही उत्तराचाच भाग समजून शून्य देते. तर्क बरोबर, सवय चांगली, गुण नाहीत. आउटपुट नेमके कसे हवे, ते प्रश्नात नमुन्यासह लिहिले नसेल, तर हा दोष प्रश्न काढणाऱ्याचा आहे.

आणि आपल्या भाषेतली इनपुट आपण कधी देतो का? उलटसुलट सारखाच वाचला जाणारा शब्द ओळखण्याचा प्रोग्राम आपण सगळेच देतो. त्याला ‘नवजीवन’ देऊन पाहा. आपल्या घरातले लहान मूलही सांगेल, की दोन्हीकडून शब्द एकच. पण चिन्हे नुसती उलटी लावणारा नेहमीचा प्रोग्राम ‘नाही’ म्हणतो, कारण युनिकोडमध्ये ‘जी’ म्हणजे ज आणि वेलांटी अशी दोन चिन्हे असतात आणि उलटवताना वेलांटी आधी येते. ही एक टेस्ट केस स्ट्रिंगविषयी जेवढे शिकवते, तेवढे एखादे पूर्ण व्याख्यान शिकवत नाही. ती परदेशातून तयार होऊन येणार नाही. ती आपणच लिहायची आहे.

यंत्राचे तोटेही आहेत. हवे तितक्या वेळा सबमिट करता आले, की मुले विचार सोडून देतात. ‘पेक्षा कमी’चे ‘पेक्षा कमी किंवा समान’ करून पाहायचे, हिरवी खूण येईपर्यंत. त्याला उतारा आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकमध्ये वेब-कॅट ही प्रणाली घडली, ती विद्यार्थ्याला स्वतःच्या टेस्ट केस लिहायला लावते आणि त्यांचीही तपासणी करते. स्वतः टेस्ट केस लिहिणारा मुलगा अंदाजाने खूप काळ चालू शकत नाही.

उरला नक्कलीचा प्रश्न. व्हेरिएबलची नावे बदलली तरी कोडची ठेवण पकडणारी मॉससारखी साधने 1990 च्या दशकापासून आहेत. पण ती एका मुलाचा कोड दुसऱ्याच्या कोडशी ताडतात. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आले आणि प्रत्येकाला वेगवेगळा, चालणारा कोड मागितल्याबरोबर मिळू लागला. आता टेस्ट केस पास झाली म्हणजे विद्यार्थ्याला येते, हे अनुमान ग्राह्य उरलेले नाही. ते फक्त समोर बसवून विचारल्यावर कळते: ही ओळ काढली तर काय होईल? हे लूप शेवटच्या वेळी का थांबते? ओरल ही आपली जुनीच पद्धत आहे. तिचे मोल आज वाढले आहे.

म्हणून या परिषदेपुढे तीन सूचना ठेवतो. एक, मराठीत लिहिलेले प्रश्न आणि त्यांच्या टेस्ट केस यांचा खुला संग्रह आपण मिळून उभारावा. प्रत्येक टेस्ट केसपुढे ती कोणता गैरसमज पकडते ते लिहावे. दोन, गृहपाठाच्या गुणांतला मोठा वाटा यंत्राकडे न ठेवता ओरलकडे द्यावा. तीन, सह्या करण्यात जाणारा जो वेळ यंत्रामुळे सुटेल, तो वेळापत्रकात विद्यार्थ्याशी बोलण्यासाठी राखून ठेवावा, आणि विभागप्रमुखांनी तो दुसऱ्या कामाला लावू नये.

संग्रहाची सुरुवात आजच करू या. दुपारच्या सत्राला येताना प्रत्येकाने आपल्या वर्गात सर्वांत जास्त चुकणारा एक प्रश्न आणि त्याच्या टेस्ट केस कागदावर लिहून आणाव्यात, एवढी विनंती करतो.