घरातील वाय-फाय राउटरची निवड
(शिक्षक-संमेलनात दिलेले व्याख्यान)



प्रशिक्षणाचे वर्ग, शाळेची माहिती भरणे, ‘दीक्षा’वरील पाठ पाहणे, यांपैकी पुष्कळसे काम आता आपणांस घरी बसून इंटरनेटवर करावे लागते. साहजिकच राउटर घेण्याचा प्रश्न अनेकांपुढे उभा राहिला आहे. दुकानात गेले म्हणजे खोक्यांवरील भलेमोठे आकडे पाहून मनुष्य भांबावतो, आणि आकडा मोठा तितका वेग अधिक, अशा समजुतीने पदरचे हजार-दोन हजार रुपये जास्त देऊन येतो. हा खर्च बहुधा व्यर्थ जातो. तो कसा, हे पाहू.

राउटर व मोबाइल हे रेडिओलहरींच्या द्वारे परस्परांशी बोलतात. दोघांची भाषा एक असावी म्हणून अमेरिकेतील ‘आय-ट्रिपल-ई’ या अभियंत्यांच्या संस्थेने १९९७ साली ८०२.११ या क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले. त्याचा वेग सेकंदास अवघा २ मेगाबिट होता. पुढे या क्रमांकास अक्षरे जोडून नवी नवी मानके निघाली. ती ध्यानात ठेवणे जड जाई, म्हणून २०१८ साली ‘वाय-फाय अलायन्स’ या मंडळाने त्यांना साधे अनुक्रमांक दिले. २००९ चे ते वाय-फाय ४, २०१३ चे वाय-फाय ५, आणि त्यानंतरचे वाय-फाय ६. सातवेही बाजारात आले आहे; त्याचा विचार आपण तूर्त न करणे बरे. नवा राउटर जुन्या मोबाइलाशी जुन्याच भाषेत बोलतो. तेव्हा घरातील मोबाइल कोणत्या क्रमांकाचे आहेत, हे आधी पाहावे.

आता खोक्यावरील आकडा. ‘एसी १२००’ असे लिहिलेले असते. त्यात एका पट्ट्याचे ३०० व दुसऱ्याचे ८६७ मेगाबिट मिळवून, वर पूर्णांक केलेला असतो! आपला मोबाइल सामान्यतः एका वेळी एकाच पट्ट्यावर चालतो. आणि हे वेगही कागदावरचे, प्रत्यक्षात त्याहून पुष्कळच कमी मिळतो. शिवाय घरात येणारी जोडणीच ४० मेगाबिटांची असेल, तर राउटर कितीही भारी आणला तरी आडातच नाही ते पोहऱ्यात येणार कोठून? आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे अशा जोडणीवर सेकंदास फार तर ५ मेगाबाइट उतरतील. उलट, जोडणी १०० मेगाबिटांहून अधिक असेल तर राउटरच्या मागील तारेची भोके ‘गिगाबिट’ आहेत ना, हे अवश्य विचारावे. अनेक स्वस्त राउटरांत ती १०० मेगाबिटांचीच असतात, आणि ही गोष्ट दुकानदार होऊन सांगत नाही.

लहरींचे पट्टे मुख्यतः दोन. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर. ती भिंतीतून त्यातल्या त्यात बरी पार होते, परंतु ब्लूटूथपासून मायक्रोवेव्ह भट्टीपर्यंत सर्वांची गर्दी याच पट्ट्यात. ५ गिगाहर्ट्झची लहर सुमारे सहा सेंटिमीटरांची. ती वेगवान खरी, पण आपल्याकडील हात-दीड हात जाडीच्या दगडी भिंतीपुढे लवकर थकते. म्हणून दोन्ही पट्टे असलेला वाय-फाय ५ चा राउटर आपल्या घरास बहुधा पुरतो. थोड्याच फरकाने ६ चा मिळत असेल तर तो घ्यावा. त्यास घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावे. लोखंडी कपाटामागे किंवा पत्र्याआड ठेवलेला उत्तम राउटरही निकामी ठरतो. किंबहुना, नवा घेण्यापूर्वी जुन्याची जागा बदलून पाहावी. आणि फायबरची जोडणी देणाऱ्याने बसविलेल्या पेटीतच वाय-फाय आहे काय, तेही विचारावे. पुष्कळदा ते असते.

सुरक्षेसाठी ‘डब्ल्यूपीए २’ किंवा ‘३’ ही सोय निवडावी आणि कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा.

राहिला विजेचा प्रश्न. वीज गेल्यावर वर्ग मध्येच तुटू नये म्हणून राउटरसाठी छोटी बॅटरीपेटी मिळते. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर ९ व्होल्ट लिहिले आहे की १२, ते वाचून तेवढ्याच व्होल्टची पेटी घ्यावी. फायबरची पेटी निराळी असेल तर तिलाही बॅटरी द्यावी लागते. नाही तर राउटरचे दिवे लुकलुकत राहतात आणि इंटरनेट मात्र बंद.