घरचे दफ्तर आणि त्याची राखण

(संस्थेच्या महोत्सवानिमित्त डभोई येथे केलेले भाषण)



महोत्सवाच्या सभेत शिक्षकाला बोलावयास उभे केले म्हणजे तो शिक्षणावरच बोलणार, असे श्रोते धरून चालतात. आज आम्ही तुमची थोडी निराशा करणार आहोत. चिटणीसांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा आम्ही घरातल्या कागदपत्रांचा आणि छायाचित्रांचा विषय घेतला. ती कोणत्या यंत्रात ठेवावीत, त्या यंत्रावर कोणती प्रणाली चालवावी, आणि मुख्य म्हणजे यंत्रच बिघडले तर काय करावे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

या विषयाकडे आम्ही हौसेने वळलो नाही. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचे पाणी वडोदरा शहरात शिरले, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आमच्या फुफी तेथे तळमजल्यावर राहतात. माणसे वेळीच वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे गेली आणि सुखरूप राहिली, ही अल्लाची मेहेरबानी. लोखंडी कपाट मात्र खालीच राहिले. त्या कपाटाच्या एकाच खणात लग्नाचे आल्बम होते, आणि ते सारे आल्बम स्कॅन करून ज्या डिस्कवर ठेवले होते ती डिस्कही होती. फुफींच्या मुलाने हे काम मोठ्या काळजीने केले होते. दोन प्रती झाल्या, आता चिंता नाही, असे त्याला वाटले. पाण्याने दोन्ही प्रती एकाच रात्री नेल्या.

फुफा आता हयात नाहीत. त्यांची तरुणपणची दोनच छायाचित्रे उरली, तीही पूर्वी कधीतरी आमच्याकडे पाठविली होती म्हणून. फुफी ती पाहतात आणि म्हणतात, "यात ते फार गंभीर दिसतात. ते असे नव्हते."

मंडळी, त्या दिवसापासून आम्ही यंत्राचा विचार करू लागलो. तो करताना आमच्या काय चुका झाल्या, हेही आज लपविणार नाही.

प्रथम आम्ही एक हिशेब केला. तो न करताच बाजारात गेले तर दुकानदार सांगेल ते घ्यावे लागते. आमच्या घरची छायाचित्रे सुमारे ६० हजार भरली. एकास ४ मेगाबाइट धरले तर २४० गिगाबाइट झाले. चलचित्रे ५०० गिगाबाइट. सातबारा, दाखले, दस्तऐवज, जुनी पत्रे मिळून १०. एकूण ७५० गिगाबाइट, म्हणजे पाऊण टेराबाइट. चार टेराबाइटची डिस्क पुढील कित्येक वर्षे पुरेल. आमच्या एका स्नेह्यांनी यापेक्षा चौपट मोठे यंत्र घेऊन ठेवले होते आणि दुसरी प्रत ठेवायला पैसे उरले नाहीत म्हणून हळहळत होते. १९५६ साली आयबीएम कंपनीने जी पहिली डिस्क विकली ती कपाटाएवढी होती, तीत ५० तबकड्या होत्या आणि मावत होती ५० लाख अक्षरे. आजच्या फोनवरचे एखादे छायाचित्रच तेवढ्या जागेचे असते. जागेची टंचाई आता उरलेली नाही. टंचाई आहे ती दूरदृष्टीची.

आता यंत्राकडे वळू. घरच्यांना तीन वाटा आहेत. पहिली, घरात पडून असलेला जुना संगणक. दुसरी, दोन डिस्का बसतील अशी तयार पेटी, जी सिनॉलॉजी, क्यूनॅप वगैरे कंपन्या विकतात. तिसरी, तळहाताएवढा छोटा संगणक घेऊन त्याला बाहेरून डिस्का जोडणे. तयार पेटी सोपी असते, आवाज कमी करते आणि वीजही कमी घेते. पण ती महाग पडते, आणि तिचा मालक कंपनीच्या मर्जीत राहतो. सिनॉलॉजीने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले की आपल्या काही नव्या पेट्यांत आपल्याच डिस्का लागतील. ग्राहकांनी फार ओरड केली, तेव्हा त्याच वर्षी ऑक्टोबरात ती अट सैल केली. आता अट गेली हे खरे. पण आपल्या वस्तूची अट दुसरा कोणी बदलू शकतो, हे ध्यानात ठेवावे.

जुना संगणक जवळजवळ फुकट मिळतो. मात्र विजेचे गणित करून पाहा. तीस वॅट घेणारे यंत्र रात्रंदिवस चालले तर महिन्याला साडेएकवीस युनिटे होतात. सत्तर वॅटचे असेल तर पन्नास. फुकटचे यंत्र दर महिन्याच्या बिलातून आपली किंमत वसूल करते. आम्ही कचेरीत वापरतात तसा बुटका, कमी वीज घेणारा जुना संगणक घेतला, त्यात आठ गिगाबाइट मेमरी होती, आणि त्यात चार टेराबाइटच्या दोन नव्या डिस्का बसविल्या. संगणक जुना चालतो. डिस्क जुनी घेऊ नये.

डिस्क निवडताना एक गोष्ट विचारा. काही डिस्कांत माहितीच्या रेघा कौलांसारख्या एकावर एक थोड्या चढविलेल्या असतात. त्यामुळे थोड्या जागेत जास्त मावते. पण कौलारू छपराचे मधले एक कौल बदलायचे तर वरची चार उचलावी लागतात, हे आपण जाणतो. या डिस्कांचेही तसेच असते. पुन्हा पुन्हा लिहिण्याच्या कामात त्या फार मंद होतात. इंग्रजी अक्षरांत एस-एम-आर ते हेच. एप्रिल २०२० मध्ये उघड झाले की काही कारखानदार हे वेष्टनावर न लिहिताच असा माल विकत होते. भांडारासाठी सी-एम-आर प्रकारची डिस्क मागावी, आणि दुकानदाराला माहीत नसेल तर नमुना क्रमांक घेऊन कंपनीच्या पत्रकात पाहावे.

नवी डिस्कही बिघडते. बॅकब्लेझ नावाची अमेरिकन कंपनी आपल्या हजारो डिस्कांचा हिशेब २०१३ पासून प्रसिद्ध करते. त्यात वर्षाला शंभरांपैकी एक ते दोन बंद पडतात असे दिसते. शंभरांत एकदोनच नापास होणार असतील तर कोणताही शिक्षक खूष होईल. पण आपल्या घरचा विद्यार्थी त्या दोघांत नाही, हे आधी कोणी सांगू शकत नाही.

यंत्र झाले, आता ते चालविणारी प्रणाली. येथे डभोईकरांना समजावणे आम्हांला सोपे वाटते. आपल्या गावातून मियागामपर्यंत १८६२ साली अडीच फुटी रूळ टाकले गेले. आरंभी त्यावर गाड्या बैल ओढीत, इंजिनांचा नियमित वापर नंतर सुरू झाला. पण मियागामला मुंबईकडच्या मोठ्या लाइनीची रुंदी वेगळी. आपला डबा तिच्यावर चढत नसे. माल उतरवून दुसऱ्या डब्यात भरावा लागे. डिस्कांचेही असेच रूळ असतात. यंत्र मोडले तर त्यातली डिस्क दुसऱ्या कोणत्या यंत्रावर सरळ वाचता येईल, हा प्रश्न विकत घेण्यापूर्वी विचारावा.

ट्रूनॅस नावाची प्रणाली फुकट मिळते आणि ती झेडएफएस या पद्धतीने माहिती ठेवते. प्रत्येक तुकड्याची बेरीज ती जपून ठेवते आणि एखादे अक्षर आपोआप बिघडले तर ओळखते. हा गुण मोठा आहे. मात्र तिला निदान आठ गिगाबाइट मेमरी हवी, आणि ती चालविणाऱ्याला अभ्यासही हवा. अनरेड नावाची प्रणाली विकत मिळते. लहानमोठ्या जुन्या डिस्का एकत्र नांदविणे हे तिचे वैशिष्ट्य. ओपनमीडियाव्हॉल्ट ही तिसरी. ती फुकट आहे, डेबियन लिनक्सवर उभी आहे आणि साध्या यंत्रावर चालते. आम्ही ही तिसरी घेतली. पहिलीपेक्षा ती बलवान आहे म्हणून नव्हे. तिच्यातली साध्या पद्धतीने भरलेली डिस्क काढून लिनक्सच्या कोणत्याही संगणकाला लावली की वाचता येते, म्हणून. शिवाय आमच्या घरची मंडळी ती चालवू शकतात. जी प्रणाली घरातल्या एकट्यालाच येते, ती त्याच्या आजारपणात कोणालाच येत नाही.

आता आमची मोठी चूक. दोन डिस्का होत्या, म्हणून आम्ही त्या आरशासारख्या जोडल्या. एकीवर जे लिहावे ते त्याच क्षणी दुसरीवर उमटते. याला रेड म्हणतात, आणि १९८८ साली कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या तिघा विद्वानांच्या निबंधाने हे नाव रूढ केले. आम्ही निर्धास्त झालो. एका रविवारी आमच्या धाकट्या मुलीने फोनमधली जागा मोकळी करावी म्हणून 'अब्बा २०१९' नावाचे सारे पुडके पुसून टाकले. ते फोनवर नव्हते, भांडारात होते. आरशाने आपले काम चोख केले. पहिल्या डिस्कवरून गेले ते त्याच क्षणी दुसरीवरूनही गेले. मुलगी रडली, आम्ही तिला रागावलो नाही. चूक शिक्षकाची होती. सुदैवाने बहुतेक चित्रे भावाच्या फोनवर सापडली.

त्या दिवशी आम्ही शिकलो की आरसा म्हणजे प्रत नव्हे. डिस्क बिघडली तरी काम थांबू नये, यासाठी आरसा आहे. दुकानाला, बँकेला त्याची गरज आहे. घराला एक दिवस यंत्र बंद राहिले तर काही बिघडत नाही. घराला हवी असते ती कालची प्रत. म्हणून आम्ही आरसा मोडला. आता दुसऱ्या डिस्कवर रोज रात्री दोन वाजता नवी प्रत उतरते आणि मागच्या तारखांच्या प्रतीही काही महिने राहतात. हे काम आरसिंक हा जुना, भरवशाचा कार्यक्रम करतो.

तिसरी डिस्क घरात नसते. ती वडोद्याला बहिणीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी असते. दोन्ही ईदांना आणि दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नवी प्रत घेऊन जातो आणि जुनी घेऊन येतो. शिरखुर्म्याचा डबा आणि डिस्क एकाच पिशवीतून जातात. प्रवासातल्या डिस्कला सांकेतिक कुलूप आहे, कारण तीत घरचे दाखले आहेत. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर, हा नियम छायाचित्रकार मंडळींनी प्रथम रूढ केला. फुफींच्या घरी प्रती दोन होत्या. कपाट मात्र एकच होते.

आणखी दोन सूचना. पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा लिहिता लिहिता यंत्र बंद पडले तर माहिती बिघडते. छोटा यूपीएस घ्यावा, आणि वीज गेल्यावर यंत्र आपले आपण नीट बंद होईल अशी त्याची तार जोडावी. दुसरी, भांडाराचे दार इंटरनेटवर उघडे ठेवू नये. जानेवारी २०२२ मध्ये 'डेडबोल्ट' नावाच्या खंडणीखोर कार्यक्रमाने इंटरनेटला उघड्या असलेल्या क्यूनॅपच्या पेट्यांतली माहिती कुलूपबंद केली आणि लोकांकडे पैसे मागितले.

आपल्या वडोद्यात सयाजीराव महाराजांच्या पदरी कित्येक वर्षे राहिलेले रियासतकार सरदेसाई पुढे पुण्याच्या पेशवे दफ्तरात बसले. तेथे रुमालांत बांधलेले मोडी कागद होते. त्यांतून निवडून त्यांनी १९३० ते १९३४ च्या दरम्यान ४५ खंड छापविले. छापले म्हणजे प्रती झाल्या. प्रती झाल्या म्हणजे एका इमारतीत असलेले गावोगावी गेले. आपल्या घरचा इतिहास कोणी छापणार नाही. त्याची प्रत आपणच करावयाची आहे. आणि रुमालावर चिठ्ठी असे, तशी आपल्या पुडक्यांवर वर्ष, गाव आणि माणसांची नावे हवीत. फुफांचे हसणे कोणत्या चित्रात आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्याने ते आजच लिहून ठेवावे.

शेवटची विनंती विश्वस्तांना आहे. संस्थेच्या कपाटात शिष्यवृत्तीच्या जुन्या वह्या आहेत, सभांचे वृत्तांत आहेत. आज येथे बसलेल्या कित्येकांच्या वडिलांचे पहिले फी-पत्रक त्यांत आहे. ते सारे स्कॅन व्हावे आणि प्रती दोन गावांत राहाव्यात. आमच्या शाळेची सुट्टीची मुले आणि आम्ही स्वतः या कामाला येऊ. दर वर्षी एकदा कोणतीही दहा पाने उघडून पाहावीत. जी प्रत उघडून पाहिली नाही, तिला प्रत मानू नये. भांडार कसे उघडावे हे एका साध्या कागदावर लिहून आम्ही तो घरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटविला आहे. सांकेतिक शब्द आमच्या अम्मीजवळच्या वहीत आहे. आम्ही नसलो तरी आमच्या मुलींना अब्बांची चित्रे सापडली पाहिजेत, एवढाच त्यामागचा हेतू आहे.