कपाच्या बुडावरचं नाव

पोलंडला जाऊन आले म्हटल्यावर आमच्या बचत गटातल्या बायकांनी पहिला प्रश्न विचारला, "काय खाल्लंस?" आणि दुसरा, "काय आणलंस?" खाल्लं ते थोडक्यात सांगते. उकडलेल्या करंज्या, आत बटाटा आणि पनीरसारखं काहीतरी. त्याला ते पिएरोगी म्हणतात. तिखटाचं नाव नाही. मी घरून शेंगदाण्याची चटणी नेली होती म्हणून निभावलं. आणलं काय, ते सांगायला मात्र आजचा सगळा वेळ लागणार आहे.

माझी लेक तिथं व्रोत्सवाफ शहरात नोकरीला आहे. तिथून रेल्वेनं पश्चिमेला निघालं की दीडेक तासात, जर्मनीच्या सरहद्दीच्या अलीकडं, बोलेस्वाव्येत्स नावाचं गाव लागतं. हे नाव जिभेवर बसायला मला दोन दिवस लागले. वस्ती चाळीस हजारांच्या आतली, शेजारून बुब्र नदी वाहते, आणि गावात जिकडं बघाल तिकडं मातीची भांडी. लेक म्हणाली, "आई, चल, तुला तुझं माहेर दाखवते." माझं माहेर कुंभाराचं, हे तुमच्यातल्या पुष्कळजणींना ठाऊक आहेच.

तिथली भांडी आपल्यासारखी तांबडी नसतात. पांढुरक्या अंगावर गडद निळी नक्षी, ठिपके, फुलं, खवले. सगळ्यात जुनी आणि आवडती नक्षी आहे ती मोराच्या डोळ्याची, म्हणजे पिसावरचा तो गोल डोळा. आपला मोर तिथं कुठल्या वाटेनं पोचला कोण जाणे, पण त्या थाळ्या बघून मला पैठणीचा पदरच आठवला.

एका कारखान्यात आत जाऊन सगळं काम बघता आलं. भांड्यांचा आकार बराचसा साच्यांवर होतो. वाळली की पहिली भाजणी होते, आणि मग ती रंगवणाऱ्या बायकांसमोर येतात. तिथं मी जी उभी राहिले ती हलेचना. हातात कुंचला कमी आणि स्पंजचे ठसे जास्त. स्पंजचा छोटा तुकडा घ्यायचा, त्यावर नक्षी कोरायची, रंगात बुडवायचा आणि भांड्यावर टेकवायचा. एका थाळीला असे शेकडो ठसे. एकही ओळ वाकडी नाही, आणि आधी पेन्सिलीनं आखलेलंही काही दिसलं नाही. मजा म्हणजे त्या वेळी तो रंग निळा दिसतच नाही, मळकट दिसतो. मग भांडं काचेच्या द्रावणात बुडवतात, तेव्हा तर नक्षी पार झाकून जाते. भट्टीत साडेबाराशे अंशांच्या आसपास तापलं की ते द्रावण काच होऊन पारदर्शक होतं आणि खालून निळा रंग वर येतो. म्हणजे रंगवणारीला आपलं काम कसं झालंय ते भट्टी उघडल्यावरच कळायचं.

आपला आवा तापून तापून सातशे-आठशे अंशांपर्यंत जातो. म्हणून आपली माती सच्छिद्र राहते, पाणी झिरपतं, हवेनं उडतं आणि माठ गार राहतो. त्यांची माती जवळजवळ दगड होते. ओव्हनमध्ये चालते, लोणचं महिनोन् महिने राहतं. पण त्यांच्या भांड्यात पाणी गार होणार नाही हो. हे मुद्दाम सांगते, कारण परत आल्यावर आमच्या गटात एकदम सूर निघाला, "आपण पण तसंच करू." माती वेगळी, भट्टी वेगळी. तसंच कसं होईल?

आता कपाच्या बुडाकडं येते. माझ्याच वयाची एक बाई ठसे उठवत होती. लेकीच्या मध्यस्थीनं विचारलं, किती वर्षं करताय? म्हणाली, तेवीस. मग तिनं एक तयार थाळी घेतली, उलटी केली आणि बोट ठेवलं. खाली तिचं नाव होतं. ज्या भांड्यांची नक्षी खास असते त्यांच्या बुडावर रंगवणारीची सही असते, आणि गिऱ्हाईक सही बघून घेतात.

मी काही बोलले नाही. माझी आई डोळ्यांपुढं आली. माती चाळायची तिनं, लीद आणि राख मिसळायची तिनं, मळायची तिनं, माठाला गेरू द्यायचा, घासून चकाकी आणायची, आवा रचायला शेणी वाहायच्या तिनंच. बाजारात माठ ओळखला जायचा तो माझ्या वडलांच्या नावानं. चाकाला तर बाईनं हात लावायचा नाही, हा आमच्यातला कडक नेम. मी कुंभाराची पोर, वय वर्षं चोपन्न, आणि चाकाला हात लावलेला नव्हता.

तो तिथं लावला. ऑगस्टमध्ये त्या गावात मातीच्या भांड्यांची मोठी जत्रा भरते. लोक अंगभर ओली माती फासून, हसत-नाचत मिरवणुकीनं निघतात, पोरांना पकडून गालाला माती लावतात. त्याच जत्रेत एक तरुण पोरगी चाकावर भांडी करून दाखवत होती, आणि रांगेतल्या कुणालाही बसवत होती. लेकीनं मला पुढं ढकललं. मी बसले. पोरगीनं माझ्या हातांवर तिचे हात धरले, गोळा मधोमध आला, भिंत चार बोटं उठली, आणि तिनं हात काढल्याबरोबर सगळं लोळलं. लोक हसले, मीही हसले. पण हात धुवायला नळावर गेले तेव्हा बराच वेळ पाणी तसंच वाहू दिलं.

रात्री आईला फोन केला. म्हटलं आता बोलणी खावी लागणार. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माती कशी होती?" मी म्हटलं, "लोण्यासारखी. खडा नाही." तर म्हणते, "मग उठायला पाहिजे होतं भांडं."

या गावाची आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती आपल्या दारापर्यंत येते. १९४५ पर्यंत हे गाव जर्मनीत होतं. नाव बुन्त्सलाऊ. कुंभारकामाची परंपरा तेव्हाचीच, पाचशे वर्षांवरची. १७५३ साली तिथल्या योप्पे नावाच्या कुंभारानं माणसापेक्षा उंच रांजण केला होता, तो गावाचा मान होता. १८९७ ला कुंभारकाम शिकवणारी शाळा निघाली. मग दुसरं महायुद्ध झालं, सरहद्दी सरकल्या, जर्मन कुटुंबांना घरंदारं सोडून जावं लागलं. तो रांजणही त्या धामधुमीत गेला. आणि रिकाम्या घरांत आले कोण, तर पूर्वेकडचे पोलिश लोक, ज्यांचा मुलूख सोव्हिएत रशियाकडं गेला होता. काही कुटुंबं तर बोस्नियातून आली. कुंभार गेले, माती तेवढी राहिली. नव्यांनी ती हातात घेतली. १९५० साली तिथं भांडी करणाऱ्यांची सहकारी संस्था निघाली, ती आजही चालू आहे.

आता ऐका. त्याच पूर्वेकडच्या मुलखातली हजारो माणसं १९४० साली रशियानं सैबेरियात नेऊन टाकली होती. पुढं सुटली ती इराणमार्गे कुठं कुठं पांगली, आणि त्यातली पाच हजारांच्या आसपास, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ साली कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या कॅम्पात आली. पाच वर्षं राहिली. आमचे आजेसासरे तिथं माठ घेऊन जायचे, असं सासूबाई सांगायच्या. ती माणसं गेल्यावर त्याच कॅम्पात फाळणीतून आलेले सिंधी लोक राहिले, त्याचं झालं गांधीनगर. आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो ना, तेच. मी त्या रंगवणाऱ्या बाईला कोल्हापूर म्हटलं, तिला काही उमजलं नाही. वळिवडे म्हटलं तरी नाही. शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं मात्र मान वर केली. तिनं ऐकलं होतं. तिची आई पूर्वेकडनंच आलेली. माझा हात धरून ती काहीतरी बोलली, लेकीला त्यातलं निम्मंच समजलं.

तर आणलं काय? एक कप. दुकानात भांड्यांची प्रतवारी लावून ठेवलेली असते. बारीक खोट असलेला माल वेगळ्या फळीवर, कमी किमतीत, लपवाछपवी नाही. पहिल्या प्रतीचा कप आपल्या हजार-बाराशे रुपयांना पडत होता, मी टोकाला टाचणीएवढं भोक असलेला घेतला. ही दुय्यम मालाच्या फळीची रीत आपल्या गटांनी उचलावी असं मला वाटतं. आपण खोट असलेली पणती चांगल्यात मिसळतो आणि गिऱ्हाईक घालवतो.

घरी आल्यावर आम्ही पणत्यांवर ठसे उठवून बघितले. जुन्या गादीचा फोम कापला. पहिल्या दोनशे पणत्या वाया गेल्या, तांबड्या मातीवर निळा रंग काळपट दिसतो. मग वहिनीनं आधी शाडूचा पातळ हात दिला, त्यावर गेरूचे ठसे दिले, तेव्हा उठाव आला. हे सगळं फक्त दिव्यांसाठी आणि शोभेच्या वस्तूंसाठी. खाण्यापिण्याच्या भांड्याला आतून बाजारातला ऑइलपेंट कुणी लावू नका, तो पोटात जातो.

बुडावर कुणाचं नाव घालायचं यावर गटात तीन बैठका झाल्या. वहिनी म्हणते, गटाचं. सुनेचं म्हणणं, जिनं ठसा उठवला तिचं. माझ्या आईला लिहिता येत नाही, ती म्हणते माझी पणती मला न बघता ओळखू येते, नाव कशाला. दिवाळीला दीड महिना उरलाय आणि आठशे पणत्या बुडाला कोऱ्या पडून आहेत. शनिवारी चौथी बैठक आहे. वेळ संपल्याची खूण झाली. नमस्कार.