पाणी सांध्यातून शिरते

(नागपूर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्यासपीठावर संतवाङ्मयापासून विदर्भाच्या इतिहासापर्यंत अनेक विषयांवर विद्वानांची भाषणे झाली आहेत. आठवीनंतर शाळेचे तोंड न पाहिलेल्या आणि कामगार संघटनेत केस पिकवलेल्या आमच्यासारख्या माणसाला बोलावून चालकांनी मोठेच धाडस केले आहे. विषयही आम्ही असा निवडला की घरच्या मंडळींनी विचारले, "अहो, केबलीवर कोणी व्याख्यान देते का?" देत नसतील. परंतु जिच्यावाचून शहराचा एक दिवस निघत नाही, ती वस्तू केवळ जमिनीखाली आहे म्हणून कोणाच्या विचारातही नसावी, हे आम्हांला पटत नाही. फायबरच्या केबलीचे पाण्यापासून आणि आगीपासून रक्षण कसे होते आणि ते कोण करतो, एवढेच आज सांगावयाचे आहे.

या केबलीशी आमचा संबंध खोदाईपासूनचा. ऐन विशीत आम्ही कुदळ-फावडे घेऊन चर खणणाऱ्या गँगमध्ये होतो. पुढे जॉइंट करणाऱ्यांच्या हाताखाली बसलो, शब्दकोश मांडीवर घेऊन इंग्रजी मॅन्युअले वाचली, आणि मग कंत्राटी माणसांची संघटना बांधण्यात उरलेली वर्षे गेली. तेव्हा जे सांगू ते हाताने केलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले. जे पुस्तकातले असेल ते तसे सहज ओळखू येईल.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. काचेचा एक तंतू. त्याची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा आठवा हिस्सा. त्याच्या पोटात जेमतेम नऊ मायक्रॉनची वाट, आणि त्या वाटेने उजेड धावतो. १९६६ साली चार्ल्स काव या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की काच पुरेशी शुद्ध केली तर उजेड कितीतरी किलोमीटर नेता येईल. त्याबद्दल २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात टेलिफोनच्या दोन एक्स्चेंजांना जोडणारी पहिली अशी केबल १९७९ साली पुण्यात पडली. आज चांगल्या तंतूत किलोमीटरमागे शेकडा पाचांहूनही कमी उजेड वाया जातो.

आता कोणी म्हणेल, काचेला पाण्याची भीती कसली? काचेच्या पेल्यात तर आपण पाणी पितो. तांब्याच्या तारेत पाणी शिरले की ती लगेच बोंब मारते; फोनमध्ये खरखर होते, लाइन मरते. काच तशी बोंब मारत नाही आणि धोका तिथेच आहे. तंतूवर ताण असेल आणि ओल पोचली, तर त्याच्या अंगावरच्या न दिसणाऱ्या चिरा हळूहळू वाढतात आणि आज शाबूत असलेला तंतू काही वर्षांनी आपोआप तुटतो. केबलीत किंवा पेटीत लोखंड-जस्तासारखा धातू असेल तर तो ओलीने गंजतो, त्यातून हायड्रोजन वायू निघतो, तो काचेत मुरतो आणि आतला उजेड मंद होतो. शिवाय पाणी जागच्या जागी थांबत नाही. एका ठिकाणी शिरलेले पाणी केबलीच्या पोटातून वाट काढीत दूरच्या जॉइंटपर्यंत जाते.

म्हणून केबल करणाऱ्यांनी तिला अंगरखे घातले. तंतू ज्या नळीत असतात तिच्यात जेली भरली. भोवती असा दोरा गुंडाळला की पाणी लागताच तो फुगून वाट बंद करतो. तान्ह्या मुलांच्या डायपरात असते त्याच जातीची ती भुकटी. वर काळ्या पॉलिथीनचे जाड आवरण, घुशी-उंदरांसाठी पोलादी पट्टी, वाळवीसाठी नायलॉनचा थर. ही सारी केबल पाइपात आणि पाइप १६५ सेंटिमीटर खोल चरात घालावा, असा लांब पल्ल्याच्या केबलीचा नियम. नियम चांगलाच आहे. पण आपली काळी माती नियम वाचत नाही. उन्हाळ्यात ती हात जाईल एवढी भेगाळते, पावसात फुगते, आणि या ओढाताणीत पाइपाचे सांधे सुटतात. खाली मुरूम किंवा खडक लागला की ठेकेदाराचा मुकादम म्हणतो, "पुरे झालं, टाका." वर सिमेंटचा रस्ता होतो. मग तो चर किती खोल होता हे फक्त खणणाऱ्या गड्याला ठाऊक, आणि तो गडी तोवर दुसऱ्या गावी गेलेला असतो.

तीस-पस्तीस वर्षांत एक गोष्ट आम्ही शिकलो. पाणी केबलीच्या मधूनच क्वचित शिरते. ते सांध्यातून शिरते. जिथे एका केबलीचा शेवट होतो आणि दुसरीचा आरंभ होतो, जिथे एका ठेकेदाराचे काम संपते आणि दुसऱ्याचे सुरू होते, तिथेच त्याला वाट मिळते.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. एक जॉइंट दर पावसाळ्यात बिघडे. लागोपाठ तीन वर्षे माणसे गेली, चेंबरमधले पाणी उपसले, तंतू नव्याने जोडले आणि परत आली. चौथ्या वर्षी आमच्यातला एक जुना जॉइंटर बरोबर होता. त्याने पेटी उघडली, आतले पाणी ओतले, आणि पेटीच्या कडेचे रबरी कडे नखाने उचलून आम्हांला दाखवले. कड्याखाली पुसायच्या फडक्याचा एक धागा अडकला होता. म्हणाला, "भाऊ, याच्यातून पानी येऊन राह्यलं. हे कोन बंद केलं होतं?" आम्ही कचेरीत जाऊन रजिस्टर पाहिले. त्यात ठेकेदाराचे नाव होते, बिलाची रक्कम होती. माणसाचे नाव नव्हते. एका रात्री चार जॉइंट उरकायचे, उजेडाला एक बॅटरी, पावसाची झड, आणि जॉइंटमागे मजुरी. कोणाच्या तरी हातून एक धागा राहिला, एवढेच.

त्याच सुमारास कचेरीतल्या एका अधिकाऱ्याने सूचना केली की प्रत्येक जॉइंटवर करणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहावी. आमच्या संघटनेने तिला कडाडून विरोध केला, आणि विरोधाचे भाषण आम्हीच केले. आमची भीती अशी की नाव लिहिले की दंड कापतील, आणि कंत्राटी माणसाला उद्यापासून येऊ नको म्हणतील. भीती खोटी नव्हती. पण सभेनंतर तोच जुना जॉइंटर आमच्याजवळ आला आणि म्हणाला, "भाऊ, सुताराचं नाव लोक सांगतात, गवंड्याचं सांगतात. माझं काम जमिनीत गाडलं जाते, आन् तुमी त्याच्यावरचं नावबी पुसून राह्यले." त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. पुढच्या सभेत आम्ही चूक कबूल केली आणि मागणी पालटून मांडली: नाव लिहा, पण एका रात्रीचे जॉइंट दोनच, वर ताडपत्री आणि पुरेसा दिवा, आणि पहिल्या चुकीला दंड नाही. निम्म्या मागण्या मान्य झाल्या, निम्म्या अजून राहिल्या आहेत. नावाचे बिल्ले मात्र लागले. आणि ज्या जॉइंटांवर ते लागले, तिथे आमची माणसे पेटी बंद करण्यापूर्वी कडे दोनदा पुसताना आम्ही पाहिली आहेत.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आपण कोणी विसरला नसाल. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला, नाग नदी घरांत शिरली, मोरभवनात बसगाड्या बुडाल्या आणि चार माणसे गेली. त्यानंतरचे काही दिवस आमचे गडी चेंबर उपसत होते. आम्ही पाहिले ते असे की नीट बंद केलेली केबल पाण्याखाली राहूनही चालू होती. बुडाली होती ती तळघरातली वीज, बॅटऱ्या आणि यंत्रे. उजेड नेणारी काच पुरातून वाचली आणि उजेड पाडणारे यंत्र बुडाले! केबलीचे रक्षण करावयाचे तर तिच्या दोन्ही टोकांचेही करावे लागते. यंत्रे तळघरात न ठेवता वरच्या मजल्यावर न्यावी लागतात. केबल बंद म्हणजे काय, हे ज्यांना कळत नसेल त्यांनी अशा दिवशी रेशनच्या दुकानासमोर उभे राहावे. अंगठ्याचे यंत्र चालत नाही, दुकानदार म्हणतो "उद्या या", आणि धुणी-भांडी करणारी बाई एका दिवसाचे काम बुडवून रिकामी पिशवी घेऊन घरी जाते.

आता आगीकडे वळू. नागपूरच्या कामगाराला आगीची ओळख रुईपासूनची आहे. १८७७ साली येथे जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल सुरू केली. आग लागताच छतातून पाणी फवारणारी यंत्रे आपल्या देशात बसवणाऱ्या पहिल्या गिरण्यांत तिची गणना होते. त्याच गिरणीने १८८६ साली पेन्शन फंड काढला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई दिली. माल वाचवणे आणि माणूस वाचवणे ही दोन कामे नाहीत, हे या शहराला तेव्हाच शिकवले गेले होते.

काच वितळायला हजाराहून अधिक अंशांची उष्णता लागते. पण वरचे काळे पॉलिथीन सव्वाशे-एकशेतीस अंशांतच वितळू लागते आणि पेटले की मेणबत्तीसारखे थेंब टाकीत जळते. म्हणून जमिनीतली काळी केबल इमारतीत आत लांबवर नेऊ नये. आत कमी धूर करणाऱ्या आवरणाची केबल जोडावी. धुराचे महत्त्व किती, हे न्यूयॉर्कने २७ फेब्रुवारी १९७५ रोजी पाहिले. तिथल्या एका टेलिफोन एक्स्चेंजच्या तळघरात केबलींना आग लागली. सुमारे १,७०,००० फोन बंद पडले, ते तीन-एक आठवड्यांत पुन्हा सुरूही झाले. पण ते आवरण पी.व्ही.सी.चे होते; जळताना त्यातून आम्लाची वाफ निघते. सुमारे ७०० बंबवाले त्या धुरात उतरले आणि त्यांच्यापैकी कित्येकांना तो धूर पुढे आयुष्यभर पुरला. मुंबईत २२ जुलै २०१९ रोजी वांद्र्याच्या एम.टी.एन.एल. इमारतीला आग लागली, तेव्हाही धुराने कोंडलेली ऐंशीहून अधिक माणसे गच्चीवरून आणि वरच्या मजल्यांवरून उतरवावी लागली.

आग कुठून पसरते? तीही सांध्यातूनच. केबल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते तेव्हा भिंतीला भोक पडते. ते भोक न पेटणाऱ्या लेपाने बुजवणे हे केबलीच्या कामातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत हमखास विसरले जाणारे काम. २२ मार्च १९७५ रोजी अमेरिकेतल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात असे भोक फोमने बुजवले होते. त्यातून हवा झिरपते की काय हे पाहण्यासाठी कामगाराने मेणबत्ती धरली आणि तो फोमच पेटला. सोळाशेहून अधिक केबली जळाल्या. दोष त्या कामगाराच्या हातातल्या मेणबत्तीचा म्हणायचा, की पेटणारा फोम पसंत करणाऱ्याचा? मेणबत्तीने तपासण्याची तिथे वहिवाटच होती. २४ नोव्हेंबर २०१८ रोजी सेऊल शहरात टेलिफोन कंपनीच्या भुयारी केबलमार्गाला आग लागली आणि दुकानांतली कार्डाची यंत्रे बंद पडली, तातडीचा फोन लागेना. ते भुयार ५०० मीटरपेक्षा लहान, म्हणून तिथे पाणी फवारणाऱ्या यंत्रांची सक्ती कायद्यात नव्हती. आगीने मात्र लांबी मोजली नाही.

आमच्या गावातली आग याहून साधी असते. विजेच्या खांबावर लोंबकळणाऱ्या केबलींच्या जुडग्यांखाली आपण सकाळी पालापाचोळा पेटवतो. तांबे मिळेल म्हणून चोर केबल कापून जाळतात, राखेत हात घालतात आणि त्यांना काचेचा चुरा मिळतो. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, गवत वाळलेले असते, आणि एका विडीला पुरेसा जाळ होतो.

तेव्हा आपल्याकडे आमचे मागणे फार नाही. आपल्या गल्लीतल्या चेंबरचे झाकण फुटले असेल तर तक्रार करा. खांबाखाली कचरा जाळू नका, जाळू देऊ नका. आपल्या सोसायटीच्या भिंतीत केबलीसाठी भोक पाडणाऱ्याला, ते बुजवल्याशिवाय पैसे देऊ नका. महापालिकेला विचारा की रस्ता करण्यापूर्वी खालचा नकाशा पाहिला काय. आणि मालक मंडळींना आमचे सांगणे एवढेच की केबलीला सात आवरणे घालता आणि ती जोडणाऱ्याला साधा रेनकोट देत नाही, हा हिशेब बरोबर नाही. बंद चेंबरमधल्या कुबट हवेत त्याला उतरवण्यापूर्वी झाकण उघडून वारा खेळू द्या, वर एक माणूस उभा ठेवा. जो माणूस पुढच्या वर्षीही त्याच जागी कामावर असणार आहे, तोच सांधा असा बंद करील की पुढच्या वर्षी तो उघडावा लागू नये. ज्याला उद्याची खात्री नाही त्याच्याकडून वीस वर्षांच्या टिकाऊपणाची हमी कोणत्या तोंडाने मागावयाची?

तो जुना जॉइंटर आता कामावरून उतरला आहे. परवा आम्ही त्याला म्हटले, व्याख्यानात तुमची गोष्ट सांगणार आहोत. तो म्हणाला, "सांगा, पन माझं नाव नका घेऊ. ते त्या पेटीवर लिवलं हाय, तेवढं बस झालं." म्हणून त्याचे नाव आम्ही घेतलेले नाही. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी पावसाळ्यापूर्वी आमच्याबरोबर चेंबरवर यावे.