ओळीच्या शेवटची रेघ
(रेडिओवरील भाषण)

मला विषय दिलाय 'संगणकावरचं शुद्ध लेखन'. विषय मोठा, वेळ थोडा. म्हणून त्यातल्या एकाच गोष्टीवर बोलणार आहे. ओळ भरते, शब्द मावत नाही, मग तो तोडून आपण जी आडवी रेघ देतो ना, तिच्यावर. ऱ्हस्व-दीर्घ तुम्हांला येतंच असं धरून चालतो.

निमित्त जर्मनचं झालं. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबद्दल करार केला. तेव्हापासून आपल्याकडची मुलंमुलीही जर्मन शिकायला लागली आहेत. कोणी नर्सिंगचं, कोणी वायरमनचं काम शिकलेलं. जर्मनमध्ये बायोडाटा टाइप करतात आणि तक्रार घेऊन येतात, "सर, शब्द कुठेही तुटतोय." बायोडाटा उघडून पाहावा तर मजकूर जर्मन आणि यंत्राला सांगितलेली भाषा इंग्रजी! मग ते बिचारं इंग्रजीच्या नियमाने तोडणार. सगळा मजकूर निवडा, भाषा जर्मन करा. त्यातही जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड असे पर्याय दिसतील, त्यातला जर्मनीचा घ्या. शब्द तोडायची नियमावलीही नवी हवी. साखरेला ते 'त्सुकर' म्हणतात. त्यातली सी आणि के ही अक्षरं ओळ तुटताना पूर्वी के-के अशी व्हायची. १ ऑगस्ट १९९८ पासून नवे नियम लागू झाले आणि सी-के जोडीने खालच्या ओळीत जायला लागले. जुनी नियमावली असेल तर तुमचा बायोडाटा आजोबांच्या काळातला वाटेल.

आता मुद्द्याचं. बदनापूरला मोसंबीचं संशोधन केंद्र असलेल्या आपल्या जालना जिल्ह्यात मोसंबी कशी सोलावी हे मी काय सांगणार! साल निघाली की फोडी दिसतात. दोन फोडींमध्ये पापुद्रा असतो, तिथे अंगठा घातला की फोड अलगद सुटते. रस सांडत नाही. तीच मोसंबी विळीवर आडवी धरा. चकत्या होतील एकसारख्या, देखण्या, पण फोड एकही शाबूत राहायची नाही. शब्दालाही फोडी असतात, आणि यंत्राच्या हातात विळी आहे.

जर्मन भाषा तर शब्दाला शब्द जोडत लांबच लांब नेणारी. 'श्टाउ-बेकेन' म्हणजे पाण्याचा साठा, जलाशय. पण तीच अक्षरं एक घर पुढे सरकवून तोडली तर 'श्टाउब-एकेन' होतं, म्हणजे धुळीचे कोपरे. आता तलावाचे धुळीचे कोपरे होताना जालनेकरांनी दुष्काळात डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे तुम्हांला ते फारसं चुकीचं वाटणार नाही! पण जर्मन माणूस हसतो. आणि आपण त्याला हसायचं कारण नाही, आपल्या घरी काय चाललंय ते बघा. एका मंडळाच्या पत्रकात ओळीच्या शेवटी मी वाचलं, 'नवरा-'. खालच्या ओळीत 'त्र महोत्सव'. आता देवीच्या उत्सवात नवरा कुठून आला? फोड होती 'नव-रात्र'. 'परवानगी' तुटते 'परवा-नगी', वाचणारा परवाच्या दिवसावर अडखळतो. 'मराठवाडा' तुटतो आणि वरच्या ओळीत उरतं 'मरा-'. वाल्या कोळ्याचं त्यातून भलं झालं, जाहिरात देणाऱ्याचं होणार नाही. आणि आपल्या गावाचं नाव तोडलं की होतं 'जाल-ना?' जाऊ की, पण कुठे?

हे का होतं ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांचे विद्यार्थी फ्रँकलिन लियांग यांनी १९८३ मध्ये याच विषयावर प्रबंध लिहिला. अक्षरांचे छोटे छोटे गट घ्यायचे, अक्षरांच्या मध्ये आकडे ठेवायचे. आकडा विषम आला तर तोडा, सम आला तर तोडू नका. आज बहुतेक मुक्त प्रोग्रामांत हीच पद्धत चालते. मराठीसकट कितीतरी भारतीय भाषांसाठी अशा नियमावल्या केरळच्या संतोष तोट्टिंगल यांनी तयार केल्या, आणि त्या आपल्याला फुकट मिळतात. मराठीची नियमावली जोडाक्षर फोडत नाही, काना-मात्रा अक्षरापासून सुटी करत नाही. पण तिला अक्षर कळतं, समास कळत नाही. दोन्ही बाजूंना निदान दोन अक्षरं राहू द्या, असं सांगूनही 'नवरा-त्र' होतं, कारण यंत्राच्या हिशेबात एकटा 'त्र' म्हणजे त, हलन्त आणि र असे तीन असतात. म्हणून तोडल्यानंतर उरणारी अक्षरं किमान चार ठेवा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात टाइप केलं असेल तर यंत्राला तो मजकूर मराठी आहे हेही कळत नाही, तिथे तर बोलायलाच नको.

मग आपली मंडळी काय करतात? हाताने रेघ मारतात! ओळीच्या शेवटी शब्द आला की वजाबाकीची कळ दाबली आणि झालं. अहो, आज तो शब्द ओळीच्या शेवटी आहे. उद्या वर एक शब्द वाढला, फाँट बदलला, की ओळी सरकल्या आणि तुमची रेघ भर ओळीच्या मध्ये, 'नव-रात्र' अशी उघडी पडली. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीच्या नोटिसा, शाळांच्या स्मरणिका, कुठलंही पान उघडा, या रेघा पडलेल्या आहेत. हाताने रेघ मारू नका. पुन्हा सांगतो, कोणी रेडिओचा आवाज आत्ता वाढवला असेल, हाताने रेघ मारू नका!

त्याऐवजी कंट्रोलची कळ दाबून धरा आणि रेघेची कळ दाबा. वरच्या रांगेतली, शून्याशेजारची बरं का. उजवीकडच्या आकड्यांमधली वजाबाकी दाबाल तर वर्डमध्ये लांब डॅश उमटेल. बरोबर कळ दाबली की अदृश्य रेघ बसते. शब्द ओळीच्या मध्ये असेल तोवर ती दिसत नाही, ओळीच्या शेवटी आला की तिथे तुटतो आणि रेघ दिसते. हा तुमचा अंगठा. पापुद्रा कुठे आहे ते तुम्हांला ठाऊक आहे, विळीला नाही.

लिब्रेऑफिस वापरत असाल तर याहून सोपं. त्यात स्वतःचा शब्दकोश करता येतो. तिथे जोडाच्या जागी बरोबरची खूण देऊन लिहा, नव, बरोबर, रात्र. मराठ, बरोबर, वाडा. आणि शब्दाच्या अगदी शेवटी बरोबरची खूण दिली तर तो शब्द तोडायचाच नाही असा अर्थ. जालन्यापुढे ती खूण आजच देऊन टाका. नेहमीच्या शंभरेक शब्दांची अशी यादी एका प्रेसने केली आणि बाकीच्यांनी मागून घेतली तर... प्रेसवाले देतील का, हा वेगळा प्रश्न आहे.

लेखनाची ही काळजी जुनीच आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या जांबचे समर्थ रामदास. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास त्यांनी लेखनक्रियेलाच दिलाय, अक्षर कसं असावं, ओळी कशा असाव्यात, कडेला मोकळी जागा कशी सोडावी. जुन्या पोथ्यांत शब्दाशब्दांत जागाच नसे, ओळ भरली की शब्द कुठेही तुटे. वाचणारा मोठ्याने वाचायचा, त्याचं अडत नसे. छापखाना आला, वर्तमानपत्रांचे अरुंद स्तंभ आले आणि मग... नाही, ते राहू द्या. स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपत आल्याचं बोट दिसतंय.

एक मात्र सांगतो. जुन्या फायलींमधल्या हाताने मारलेल्या रेघा काढायच्या असतील तर 'शोधा आणि बदला' लावून सगळ्या एकदम उडवू नका. 'आई-वडील', 'देणं-घेणं' यांच्यातली रेघ खरी आहे, तीही जाईल. एकेक बघत जा. पीडीएफमधून उचललेला मजकूर असेल तर अदृश्य रेघाही सोबत येऊ शकतात, मग शब्द शोधला तरी सापडत नाही, त्यांच्यासाठी आधी... वेळ संपला.