ठिणगी तुटताना पडते



मी सहावीत असताना आमची स्कूटर पसरणी घाटात बंद पडली. बाबांनी दहा-बारा किका मारल्या. मग डिकीतून पाना काढला, प्लग खोलला, फडक्यानं पुसला, त्याला पुन्हा वायर लावली आणि त्याचं लोखंडी अंग इंजिनाला टेकवून मला म्हणाले, "बघ हं, ठिणगी पडते का." त्यांनी किक मारली. प्लगच्या दोन टोकांमध्ये एक बारीकशी ठिणगी चमकली. म्हणजे करंट येत होता. प्लग परत बसवला, पुन्हा किका मारल्या. इंजिन ढिम्म.

शेवटी स्कूटर न्यूट्रलमध्ये टाकून उतारानं परत वाईला आलो. तिथल्या मिस्त्रींनीही प्लग इंजिनाला टेकवून पाहिला आणि म्हणाले, "करंट हाय सर, पण त्यात दम नाय."

बाहेर डोळ्यांना दिसणारी ठिणगी आत का पडत नाही? हा प्रश्न त्या दिवशी माझ्या डोक्यात शिरला, आणि पुढं इंजिनं शिकण्या-शिकवण्यातच माझी बरीच वर्षं गेली. आज तुमच्याशी त्या ठिणगीबद्दलच बोलणार आहे.

हवेतून वीज सहजासहजी जात नाही. आपल्याभोवतीच्या साध्या हवेत एक मिलिमीटरची फट ओलांडायला सुमारे ३ हजार व्होल्टचा दाब लागतो. प्लगची फट असते अर्धा ते पाऊण मिलिमीटर. पण इंजिनात ठिणगी पडायची वेळ येते तेव्हा पिस्टननं हवा आणि पेट्रोलची वाफ दाबून त्यांची जागा पूर्वीच्या सातव्या-आठव्या हिश्शावर आणलेली असते. दाटलेल्या हवेतून वाट काढणं विजेला फार अवघड जातं. तिथं १० ते १५ हजार व्होल्ट लागतात, कधी त्याहूनही जास्त. आमच्या स्कूटरची ठिणगी मोकळ्या हवेपुरती होती. दाबलेल्या हवेत तिचा निभाव लागला नाही. रस्त्यात प्लग टेकवून पाहण्याची सवय आपल्याकडं घरोघर होती, पण त्या परीक्षेत पास झालेला प्लग इंजिनात नापास होऊ शकतो, हे फार थोड्यांना माहीत होतं.

आता मोटारीतली बॅटरी असते १२ व्होल्टची. १२ व्होल्टचे १५ हजार होतात कसे?

ते काम कॉइल करते. लोखंडाच्या एका गाभ्यावर दोन तारा गुंडाळलेल्या असतात. एक जाड, तिचे साधारण २०० वेढे. दुसरी केसासारखी बारीक, तिचे २० हजारांच्या घरात. जाड तारेतून बॅटरीचा प्रवाह सोडला की गाभा लोहचुंबक होतो. इथं बहुतेकांना वाटतं की बटण दाबल्यावर दिवा लागतो तशी प्रवाह सुरू होताच ठिणगी पडत असेल. तसं होत नाही. प्रवाह सुरू होतो तेव्हा प्लग गप्पच असतो. चुंबक सावकाश भरत जातो, काही हजारांश सेकंद घेतो. ठिणगी पडते ती प्रवाह तोडला की.

घरातला नळ जोरात वाहत असताना झटकन बंद करून पाहा. भिंतीतला पाइप धाडकन हादरतो. वाहत्या पाण्याला थांबायचं नसतं, अचानक अडवलं की ते सगळा जोर त्या क्षणी पाइपावर काढतं. कॉइलमधला प्रवाहही तसाच आहे. तो तुटला की गाभ्यातलं चुंबकत्व कोसळतं, आणि जितक्या झपाट्यानं कोसळेल तितका विजेचा दाब जास्त. हा नियम मायकेल फॅरेडेनं १८३१ साली लंडनमध्ये शोधून काढला. जाड तारेतच दोन-तीनशे व्होल्ट उसळतात आणि शंभरपट वेढे असलेल्या बारीक तारेत त्याचे हजारो होतात. मग प्लगच्या फटीतली हवा हार खाते.

हे तोडण्याचं काम करणारी जागा म्हणजे पॉइंट. टंगस्टनच्या दोन बारीक टिकल्या, एकमेकींना टेकलेल्या. इंजिनाबरोबर फिरणारा कॅम त्यांना नेमक्या वेळी ०.४ मिलिमीटरच्या आसपास दूर करतो. बस, एवढंच. पण चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३ हजार फेरे घेत असेल, तर हे एवढंसं काम सेकंदाला १०० वेळा होतं.

आणि इथंच आमच्या स्कूटरचं दुखणं होतं. मिस्त्रींनी पुलर लावून फ्लायव्हील काढलं, मला जवळ बोलावलं आणि पॉइंटच्या टिकल्या दाखवल्या. काळ्या पडलेल्या, खड्डे पडलेल्या. "बाळ, ठिणगी पडायची प्लगमदी, पडतीया हितं." शेजारी पावट्याएवढा एक गोल डबा होता, कंडेन्सर. त्यांनी तो बदलला, टिकल्या पॉलिश पेपरनं घासल्या, आणि स्कूटर दुसऱ्या किकला सुरू झाली.

पॉइंट उघडू लागतात तेव्हा फट सुरुवातीला कागदापेक्षाही पातळ असते. उसळलेला प्रवाह प्लगकडं कशाला जाईल, तो ही जवळची फट ओलांडून जातो. पॉइंट जळतात, आणि त्याहून वाईट म्हणजे प्रवाह झटकन न तुटता रेंगाळत तुटतो. चुंबकत्व हळू कोसळतं, दाब तयारच होत नाही. कंडेन्सर त्या एका निमिषापुरता प्रवाहाला उतरायला जागा देतो. तोवर पॉइंट पुरेसे उघडलेले असतात. तो निकामी झाला म्हणून आमच्या ठिणगीतला दम गेला होता. स्कूटरला बॅटरीऐवजी फ्लायव्हीलमध्ये चुंबक बसवलेले असतात आणि किक मारताना तेच फिरून प्रवाह निर्माण करतात, एवढाच फरक. त्याला मॅग्नेटो म्हणतात. तोडण्याचा मामला तिथंही तोच.

इंजिन बनवणाऱ्यांनी या ठिणगीपायी फार सोसलं आहे. जर्मनीत निकोलाउस ऑटोनं १८७६ साली चार स्ट्रोकचं इंजिन चालवलं, तेव्हा बाहेर जळणाऱ्या ज्योतीतली आग सरकत्या झडपेतून आत नेली जायची. डाइमलरनं लालबुंद तापवलेली नळी वापरली. कार्ल बेंझनं १८८६ च्या आपल्या तीनचाकीत कॉइल आणि बॅटरी घातली, पण प्रज्वलन हीच सगळ्या अडचणींमधली मोठी अडचण, असं त्याचं मत होतं. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत लाकडी पेटीत चार थरथरत्या कॉइल असायच्या. त्या एका ठिणगीऐवजी ठिणग्यांचा सडाच टाकायच्या. त्यातली एखादी तरी पेटवील, असा हिशोब.

हा हिशोब चार्ल्स केटरिंगला पटला नाही. अमेरिकेतल्या डेटन गावचा हा इंजिनिअर, आधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवून आलेला. त्याचं म्हणणं असं, की एकच ठिणगी द्या, पण भरभक्कम आणि ठरल्या क्षणी द्या. बॅटरी, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर आणि करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर ही त्याची मांडणी १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांत आली आणि पुढची साठ-सत्तर वर्षं जगभर टिकली. त्याच्या कंपनीचं नाव होतं डेल्को. आपल्याकडचे काही जुने मिस्त्री आजही डिस्ट्रिब्युटरला डेल्कोच म्हणतात. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीतही हीच मांडणी होती. मुंबईच्या पावसात टॅक्सी बंद पडली की ड्रायव्हर बॉनेट उघडून डेल्कोची टोपी कोरड्या कापडानं पुसायचा, ते ओलाव्यातून निसटणारे हजारो व्होल्ट अडवण्यासाठी. २०२३ साली या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या, आणि ते दृश्यही गेलं.

ठरल्या क्षणी, असं मी म्हणालो. तो क्षण कोणता? पिस्टन सगळ्यात वर येतो तो, असं वाटणं साहजिक आहे. पण पेट्रोलची वाफ भडका उडून एकदम जळत नाही. ठिणगीपाशी ज्योत धरते आणि तिथून पसरत जाते, वाळल्या गवताला एका टोकाला काडी लावावी तशी. याला साधारण २ हजारांश सेकंद लागतात. मिनिटाला ३ हजार फेऱ्यांच्या वेगात तेवढ्यात इंजिन एक दशांश फेरा फिरून गेलेलं असतं. म्हणून पिस्टन वर चढत असतानाच ठिणगी द्यावी लागते, म्हणजे खरा जोर तो खाली वळल्यावर लगेच बसतो. वेग वाढेल तशी ठिणगी आणखी आधी. मॉडेल टीचा ड्रायव्हर हे स्टिअरिंगखालच्या दांडीनं हातानं करायचा. पुढं डिस्ट्रिब्युटरमधली दोन छोटी वजनं वेगाबरोबर बाहेर फेकली जाऊन ते आपोआप करू लागली. ठिणगी फार लवकर पडली तर चढावर इंजिन टकटक वाजतं, फार उशिरा पडली तर गाडी मरगळते आणि तापते. चांगला मिस्त्री डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करून, चालू इंजिनाकडं कान लावून, तो केसभर फिरवून हे जुळवायचा. त्या कानाबद्दल मला आजही आदर वाटतो.

ज्योतीला वेळ लागतो, यातूनच एक सुंदर कल्पना निघाली. प्लगच दोन लावा. ज्योत दोन्हीकडून निघेल, अंतर निम्मं होईल. २००३ साली पुण्याच्या बजाज ऑटोनं पल्सर मोटरसायकलमध्ये हे केलं. विमानांच्या पिस्टन इंजिनांत ते कितीतरी आधीपासून आहे, प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि दोन स्वतंत्र मॅग्नेटो. तिथं मुख्य हेतू सुरक्षिततेचा. बारामतीला विमान शिकणारी मुलं उड्डाणाआधी एकेक मॅग्नेटो बंद करून पाहतात. दर वेळी इंजिनाचे फेरे थोडे उतरतात. ते उतरले तरच सारं ठीक आहे, कारण एकाच प्लगनं जाळायचं म्हणजे ज्योतीला जास्त वेळ लागणारच. फेरे अजिबात उतरले नाहीत, तर तो मॅग्नेटो बंदच झाला नाही, अशी शंका घ्यायची.

आता पॉइंट गेले. त्यांच्या जागी ट्रान्झिस्टर आला, तो झिजत नाही आणि जळतही नाही. नव्या मोटारीत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल असते, आणि ठिणगीचा क्षण संगणक ठरवतो. टकटक ऐकायलाही एक सेन्सर बसवलेला असतो, मिस्त्रींच्या कानाच्या जागी. पण ट्रान्झिस्टर करतो काय? प्रवाह तोडतो.

शेवटी, तुम्ही हे रेडिओवर ऐकता आहात म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. हाइनरिश हर्ट्झनं १८८० च्या दशकात रेडिओलहरी प्रथम निर्माण केल्या, त्या अशाच कॉइलच्या ठिणगीतून. मार्कोनीचे सुरुवातीचे संदेशही ठिणग्यांवरूनच गेले. म्हणजे पेट्रोलवर धावणारी प्रत्येक स्कूटर हे एक लहानसं प्रक्षेपण केंद्रच. ते थोपवण्यासाठी आता प्लगच्या पोटात सुमारे ५ हजार ओहमचा रोधक घालतात. आमच्या स्कूटरच्या प्लगमध्ये तो नव्हता. संध्याकाळी मिडियम वेव्हवर बातम्या चालू असायच्या, आणि बाबांची स्कूटर गल्लीत वळली की तिचा आवाज यायच्या आधी रेडिओत खरखर सुरू व्हायची. ती ऐकली की आई तव्यावर पहिली भाकरी टाकायची.